मोठे टायर लावण्याआधी: पुढच्या ॲक्सलच्या मजबुतीबद्दल ग्राहकांसाठी माहिती

हे पत्रक मारुती जिप्सी, जिम्नी आणि पुढे पाटे (लीफ स्प्रिंग) असलेल्या जुन्या महिंद्रा जीपच्या मालकांसाठी आहे. या गाड्यांचा पुढचा ॲक्सल अखंड असतो, म्हणजे एका चाकापासून दुसऱ्या चाकापर्यंत एकच हाउसिंग (शाफ्टभोवतीची नळी). मोठ्या टायरमुळे ते वाकू नये म्हणून त्यावर आधाराच्या प्लेटा वेल्ड करतात, त्याचीच ही माहिती. सीआरडीई थार आणि २०२०ची नवी थार यांना पुढे स्वतंत्र सस्पेन्शन आहे. त्यांची दुखणी वेगळी, त्यामुळे इथलं बरंचसं त्यांना लागू नाही.

आधी टायर ठरवा, मग वेल्डिंगचं बोला

जिप्सीचा मूळ टायर २०५/७० आर १५, व्यास सुमारे ६६८ मिमी. जिम्नीचा १९५/८० आर १५, सुमारे ६९३ मिमी. २३५/७५ आर १५ घातला की ७३३ मिमी होतात आणि ३१ इंची टायर कागदावर ७८७ मिमीचा. म्हणजे ३१ इंचीमुळे जिम्नीच्या ॲक्सल शाफ्टच्या जॉइंटवर आणि गिअरवर येणारा पीळ साडेतेरा टक्क्यांनी वाढू शकतो, जिप्सीच्या जवळजवळ अठरा टक्क्यांनी. ब्रेकवरचा भारही त्याच प्रमाणात वाढतो.

पण हाउसिंग वाकतं ते नुसत्या उंचीमुळे नाही. रुंद टायर आत घासू नये म्हणून रिम बाहेर काढली जाते किंवा ३० मिमीचा स्पेसर (रिमच्या मागची जाड चकती) बसवला जातो. चाक जितकं बाहेर, तितका नळीवरचा वाकवणारा जोर जास्त. त्यात जड लोखंडी रिम असेल तर प्रत्येक खड्ड्यात तो वाढीव जोर नळीच्या टोकाला बसतो. त्यामुळे टायर पसंत करताना रिमचा ऑफसेट (रिम हबवर किती आत-बाहेर बसते ते माप) आणि वजन विचारून घ्या. दुकानदार हे दोन आकडे आपणहून क्वचितच सांगतो.

आमचं मत स्पष्ट सांगतो. २३५/७५ टायर आणि ऑफसेट मूळच्या जवळपास असेल, तर ट्रस (नळीवर वेल्ड केलेला प्लेटचा आधार) लावू नका. तेच पैसे किंगपिन (ज्यावर चाक डावी-उजवीकडे वळतं तो सांधा) बेअरिंग, सील आणि ब्रेकवर घाला. ३०-३१ इंची टायर आणि नदीपात्रातले धोंडे असा बेत असेल तर ट्रस आणि गसेट (कोपऱ्यातले आधाराचे तुकडे) दोन्ही हवेत. ३३ इंचीसाठी मात्र जिप्सी-जिम्नीचा ॲक्सल मजबूत करत बसण्यात अर्थ नाही, तिथे अख्खा ॲक्सलच बदलावा लागतो.

तुमचा ॲक्सल आधीच वाकलाय का?

सपाट फरशीवर गाडी उभी करा, हवा सारखी ठेवा, स्टीअरिंग सरळ. रिमच्या वरच्या आणि खालच्या कडेपासून ओळंब्याच्या दोरीपर्यंतचं अंतर मोजा. १५ इंची रिमवर एक अंश कल म्हणजे साधारण ७ मिमीचा फरक. दोन्ही चाकं वरून आत कललेली दिसली तर हाउसिंग मधे बसलंय अशी शंका घ्यावी. एकच चाक कललं असेल तर त्या बाजूच्या नकलजवळ (नळीच्या टोकाला चाक वळवणारा भाग) बघायचं.

निष्कर्ष काढण्याआधी चाकाचा खेळ (ढिलेपणा) तपासा. चाक जॅकवर घेऊन वर-खाली धरून हलवा. खेळ जाणवला तर दुसऱ्याला ब्रेक दाबून ठेवायला सांगा आणि पुन्हा हलवा. खेळ गेला तर दोष व्हील बेअरिंगचा, राहिला तर किंगपिनचा. जिप्सीत आणखी एक खूण असते: आतलं सील पुन्हा पुन्हा गळतं. नळी वाकली की शाफ्ट सीलच्या मध्यातून फिरत नाही, गिअर ऑइल नकलमध्ये उतरतं, ग्रीस पातळ होतं आणि बाहेरच्या सीलमधून काळं पाणी गळू लागतं. अशा वेळी नवं सील दोन महिनेही टिकत नाही.

वाकलेल्या ॲक्सलवर ट्रस लावला तर तो वाक कायमचा होतो. आधी सरळ करायचा, मग मजबूत.

काम कसं होतं

ॲक्सल गाडीवर ठेवून वेल्डिंग आम्ही करत नाही. तो पूर्ण उतरवतो. डिफरन्शियल (मधली गिअरपेटी), शाफ्ट, सील, ब्रेकचे पाइप, जिम्नीत एबीएसचे सेन्सरही बाहेर. तेल-ग्रीस पूर्ण साफ करून धातू उघडा करतो. ग्रीसचा अंश राहिला तर वेल्डिंगच्या टाक्यात भोकं पडतात आणि वरून ती दिसतही नाहीत.

मग डिफरन्शियलच्या जागी जुनं रिकामं केसिंग बोल्टने आवळतो, कारण तापल्यावर डिफरन्शियलची बैठक वाकली तर नवं गॅस्केट लावूनही तेल थांबत नाही. नळीत मापाच्या गोल चकत्या घालून त्यांतून सरळ दांडा ओवतो. दांडा हाताने फिरला पाहिजे. प्रत्येक टप्प्यानंतर तो फिरवून पाहतो.

ट्रससाठी आयएस २०६२ (भारतीय मानक) पोलादाची ५ किंवा ६ मिमी प्लेट. ६ मिमी प्लेटचं वजन चौरस मीटरला ४७ किलो असतं, म्हणून १० मिमी वापरा हा आग्रह धरू नका. ते सगळं वजन स्प्रिंगच्या खाली येतं आणि गाडी दगडासारखी उडते. नकलजवळ वर-खाली त्रिकोणी गसेट लागतात. जिप्सीत ते नकलच्या गोळ्याच्या इतके जवळ नेता येत नाहीत की पूर्ण वळणावर सीलची रिंग घासेल. ती जागा मार्किंग करताना नकल बसवून, फिरवून बघावी लागते.

खरी कसोटी इथे आहे. वरच्या बाजूला सलग वेल्डिंग केलं तर थंड होताना ती बाजू आकसते आणि नळीची टोकं वर ओढली जातात. म्हणजे चाकं वरून आत कलतात, अगदी वाकलेल्या ॲक्सलसारखीच. म्हणून २५ ते ३० मिमीचे टाके, एक डावीकडे, एक उजवीकडे, आणि हात लावता येईल इतकं थंड झाल्याशिवाय पुढचा टाका नाही. मिग (वायरच्या) वेल्डिंगला ईआर ७०एस-६ वायर, हाताने करायचं असेल तर भट्टीत सुकवलेला ७०१८ रॉड. या कामाला दिवस जातो. तासाभरात ट्रस लावून देतो म्हणणाऱ्याने दांडा फिरवून पाहिला का, एवढं विचारा.

जुन्या जीपमध्ये डिफरन्शियलचा मधला गोळा ओतीव असतो आणि नळ्या त्यात दाबून बसवलेल्या. ओतीव भागावर साधा रॉड चालवला तर थंड होताना टाक्याच्या कडेला तडा जातो. तिथे आधी तापवणं, निकेलचा रॉड आणि नंतर हळूहळू निववणं, हेच करावं लागतं. काही वेळा ट्रस नळ्यांवरच टेकवून गोळ्याला हात न लावणं शहाणपणाचं ठरतं.

हाउसिंग पक्कं झालं की जोर पुढे सरकतो

ट्रसने नळी वाचते, जॉइंट वाचत नाही. पूर्ण वळणावर, एक चाक अडकलेलं असताना ॲक्सिलरेटर दाबला की जॉइंटचा पिंजरा फुटतो. यावर पहिला उपाय फुकटातला: स्टीअरिंगचा स्टॉप बोल्ट (वळणाची हद्द ठरवणारा) थोडा बाहेर काढायचा. वळण मोठं होतं, पण टायर पाट्याला घासत नाही आणि जॉइंटचा टोकाचा कोन टळतो. क्रोमोलीचे (जास्त कणखर पोलादाचे) शाफ्ट घातले तर त्यानंतरची कमकुवत जागा क्राउन-पिनियन (डिफरन्शियलमधली मुख्य गिअरजोडी) असते, आणि पुढच्या ॲक्सलला लॉकर (दोन्ही चाकं एकत्र फिरवणारी यंत्रणा) असेल तर फारच लवकर.

किंगपिनची चारही बेअरिंगं एकदमच बदला. त्यांचा ताण सील न लावता, नकलच्या हाताला वजनकाटा अडकवून मोजायचा आणि शिमने (पातळ पत्र्यांनी) त्या मॉडेलच्या मॅन्युअलमधल्या आकड्यावर आणायचा. सैल राहिली तर ६०-७०च्या वेगात स्टीअरिंग थरथरतं. स्टीअरिंग डॅम्पर ती थरथर झाकतो, बरी करत नाही. गाडी उंच केली असेल तर कॅस्टर (चाक वळण्याच्या अक्षाचा मागे असलेला कल) कमी होतो आणि ती रस्त्यावर भरकटते: जिम्नीला कॅस्टरचे बुश, पाट्यांच्या गाड्यांना पाचरीसारखे शिम.

मुंबईतल्या गाडीसाठी दोन गोष्टी

हिंदमाता किंवा मिलन सबवेच्या पाण्यात तापलेला ॲक्सल बुडला की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून (ॲक्सलची हवा जायच्या छिद्रातून) पाणी ओढून घेते. म्हणून ब्रीदरची नळी इंजिनच्या वरच्या पातळीपर्यंत नेऊन देतो. खर्च मामुली, ट्रस लावत नसाल तरी हे करून घ्या. दुसरं, खारी हवा. ट्रस आणि नळीमधल्या पोकळीत पाणी साचू नये म्हणून खालच्या कोपऱ्यात १० मिमीचं भोक ठेवतो आणि टाक्यांवर झिंक प्रायमर देतो. ते भोक चिखलाने बुजलं की सर्व्हिसला मोकळं करा.

कागदपत्रं

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतले तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलांपासून वेगळे ठरतील असे बदल गाडीत करता येत नाहीत. रस्त्यावर वापरायच्या गाडीसाठी टायरचा आकार ठरवण्याआधी तुमच्या आरटीओत, मग ते ताडदेव असो, अंधेरी, वडाळा किंवा बोरिवली, आणि विमा कंपनीकडे लेखी विचारून घ्या. अपघातानंतर दाव्याच्या वेळी हाच मुद्दा निघतो.

गाडी घेऊन गेल्यावर

पाचही टायर एकाच मापाचे ठेवा. पुढे-मागे फरक असेल तर फोर-व्हीलमध्ये पक्क्या रस्त्यावर सगळी यंत्रणा पिळवटते. जिम्नीवर ३१ इंची असतील तर मीटर मूळ टायरशी तुलनेत बारा टक्के कमी दाखवेल, हे वेगमर्यादेसाठी लक्षात असू द्या. पहिल्या १०० किमीनंतर व्हील नट आणि यू-बोल्ट टॉर्क रेंचने पुन्हा आवळून घ्या. १,००० किमीला डिफरन्शियलचं तेल बदला. वेल्डिंगनंतर कितीही साफ केलं तरी थोडी पपडी सुटतेच. काढलेलं तेल दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय, तेव्हा ब्रीदर आणि सील तपासल्याशिवाय नवं तेल भरू नका.