टूलचं वर्णन मॉडेल वाचायला लागलं, त्याच्या आधीची गोष्ट

एआय एजंटने, म्हणजे भाषा-मॉडेलच्या जोरावर स्वतःच कामं करणाऱ्या प्रोग्रामने, भलतंच टूल (त्याला वापरायला दिलेलं एखादं फंक्शन किंवा सेवा) वापरलं की सगळे आधी मॉडेलला नावं ठेवतात, पण त्या टूलचं डॉक्युमेंटेशन उघडून बघा, बऱ्याचदा तिथे एकच ओळ असते आणि तीही अर्धवट. ही सवय आजची नाहीये, बरीच जुनी आहे.

सुरुवात खरं तर फार चांगली झाली होती. युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचं पहिलं मॅन्युअल ३ नोव्हेंबर १९७१ चं, केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांचं. प्रत्येक कमांडला स्वतःचं पान, त्यात नाव, कमांड लिहायची कशी, ती करते काय, आणि शेवटी 'बग्स' म्हणून वेगळा भाग, म्हणजे ही कमांड कुठे फसते ते लिहिणाऱ्यानेच सांगून टाकायचं. मला हा भाग सगळ्यात मोलाचा वाटतो, कारण नंतरच्या बहुतेक डॉक्युमेंटेशनमधून नेमका तोच गायब झाला.

पुढे नव्वदच्या दशकात जावा भाषेसाठी जावाडॉक हे साधन आलं, कोडमधल्या कमेंटमधूनच पानं तयार व्हायला लागली. २०००-०१ च्या सुमारास डब्ल्यूएसडीएल, म्हणजे वेब सर्व्हिसचं वर्णन लिहायचा फॉरमॅट आला, ते तर मशीनने वाचावं म्हणूनच होतं, पण मशीन त्यातून फक्त टाइप आणि पत्ता उचलायचं, कोणतं ऑपरेशन कधी वापरायचं हे डेव्हलपरच ठरवायचा. २०११ मध्ये स्वॅगर आलं, एपीआयचं (एका प्रोग्रामने दुसऱ्याला वापरायच्या दाराचं) वर्णन लिहायचा फॉरमॅट, २०१५ मध्ये ते लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली गेलं आणि पुढे ओपनएपीआय झालं. त्याच्यात डिस्क्रिप्शनची जागा आहे पण ती भरायची सक्ती नाही, त्यामुळे लोकांनी ती रिकामी सोडली किंवा फंक्शनचं नावच परत लिहून टाकलं. आणि चालून जायचं ना, कारण वाचणारा माणूस होता, अडला तर शेजारच्याला विचारायचा, सोर्स कोड बघायचा, दोनदा ट्राय करून अंदाज बांधायचा.

खरा बदल २०२३ मध्ये झाला. मार्चमध्ये चॅटजीपीटीचे प्लगइन आले आणि त्यांच्या मॅनिफेस्ट फाइलमध्ये, म्हणजे प्लगइनची ओळख सांगणाऱ्या फाइलमध्ये, वर्णनाच्या दोन जागा होत्या, एक माणसासाठी आणि एक मॉडेलसाठी. मॉडेलसाठी वेगळं लिहावं लागतं हे तिथे उघड मान्य झालं. त्याच वर्षी जूनमध्ये ओपनएआयने फंक्शन कॉलिंग दिलं, फंक्शनचं नाव, वर्णन आणि पॅरामीटरचा जेसन स्कीमा (कोणती माहिती कोणत्या रूपात हवी त्याचा आराखडा) द्यायचा, मॉडेल तेवढं वाचून ठरवणार की कोणतं फंक्शन बोलवायचं आणि त्यात काय भरायचं. तेव्हापासून वर्णन हा प्रोग्रामच्या कामाचाच भाग झाला.

एक उदाहरण घेऊ. 'सर्च' नावाचं टूल आहे, वर्णन एवढंच की 'रेकॉर्ड शोधतो'. एजंट त्यात युजरचं अख्खं वाक्य टाकतो, टूलला हवे असतात दोन-तीन कीवर्ड, रिकामी यादी परत येते आणि एजंट युजरला बिनधास्त सांगून मोकळा होतो की असं रेकॉर्डच नाही. कुठेच एरर नाही, लॉगमध्ये सगळं हिरवंगार. वर्णनात एवढं जरी लिहिलं असतं की फक्त कीवर्ड द्या, तारीख वर्ष-महिना-दिवस अशी द्या, यादी रिकामी आली तर शब्द कमी करून परत शोधा, आणि परवानगी नसलेली रेकॉर्ड यात दिसत नाहीत, तरी बराचसा घोळ टळला असता. शेवटची दोन वाक्यं म्हणजे तो १९७१ चा 'बग्स' भागच आहे.

नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रोपिकने एमसीपी (मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, मॉडेलला बाहेरची टूल्स जोडायची एक ठरलेली पद्धत) आणलं आणि टूलची यादी सर्व्हरकडून चालू असतानाच मिळायला लागली, म्हणजे मधे कोणी डेव्हलपर डॉक्स वाचून बसलेला असेलच असं नाही, टूल आणि मॉडेल थेट समोरासमोर. त्यात एक गोष्ट मला फार आवडली, टूल चालताना एरर आली तर ती रिझल्टमध्येच परत द्या असं स्पेकमध्ये, म्हणजे त्याच्या नियमावलीत, सांगितलंय, म्हणजे मॉडेलला ती दिसते आणि ते स्वतःला सुधारू शकतं. पण त्यासाठी एररमध्ये नुसतं 'चुकीची रिक्वेस्ट' असून भागत नाही, कोणता पॅरामीटर चुकला आणि तिथे काय हवं होतं ते लिहावं लागतं. २०२५ मध्ये टूल फक्त वाचतं की काही पुसूनही टाकू शकतं हे सांगणारे हिंट्स आले, पण भरवशाच्या सर्व्हरकडून आलेले नसतील तर त्यांच्यावर विश्वास ठेवू नका हेही स्पेकच सांगतं. ते बरोबरच आहे, कारण वर्णनातच मॉडेलसाठी छुप्या सूचना पेरण्याचा प्रकार, ज्याला टूल पॉयझनिंग म्हणतात, तोही त्याच वर्षी चर्चेत आला.

म्हणून सगळंच लांबलचक लिहावं असंही नाही, प्रत्येक टूलचं वर्णन कॉन्टेक्स्टमध्ये, म्हणजे मॉडेल एका वेळी वाचू शकतं त्या मर्यादित मजकुरात, जागा खातं, आणि एकसारखी वाटणारी दहा टूल्स असली की मॉडेल गोंधळतं, तिथे हे टूल कधी वापरायचं नाही ही एक ओळ जास्त कामाला येते. आणि वर्णनातला बदल कोडसारखाच रिव्ह्यू आणि टेस्टमधून जायला हवा असं माझं ठाम मत आहे, कारण दोन शब्द बदलले तरी एजंट दुसरंच टूल उचलू शकतो आणि कोडची मात्र एकही ओळ बदललेली नसते.