‘बुद्धी 80 टक्के आनुवंशिक’ म्हणजे नेमके काय?

“मुलाची बुद्धी 80 टक्के आईवडिलांकडून येते, शाळा आणि संगोपन उरलेल्या 20 टक्क्यांपुरतेच,” असा संदेश वर्षानुवर्षे फिरत आहे. आकडा संशोधनातून उचललेला असल्यामुळे तो पटणे स्वाभाविक आहे. घोटाळा आहे तो त्याच्या अर्थात. आनुवंशिकतेचे प्रमाण एखाद्या मुलाविषयी काहीच सांगत नाही. विशिष्ट समूहात, विशिष्ट परिस्थितीत, माणसामाणसांतील फरकांपैकी किती भाग जनुकीय फरकांशी निगडित आहे, एवढेच ते सांगते. हाताला पाच बोटे जनुकांमुळेच येतात, पण बोटांच्या संख्येतले फरक बहुधा अपघातांमुळे पडत असल्याने तिथे हे प्रमाण, विचित्र वाटले तरी, अगदी कमी भरते. उलट उंचीच्या बाबतीत ते सुमारे 80 टक्के असूनही विसाव्या शतकात आहार आणि आरोग्य सुधारल्यावर अनेक देशांतील सरासरी उंची कित्येक सेंटिमीटरने वाढली. म्हणून असा आकडा समोर आला, की तो कोणत्या समाजातील, कोणत्या वयाच्या लोकांवरून काढला आहे, हे आधी पाहावे; बुद्ध्यंकाच्या बाबतीत तो बालपणी कमी आणि प्रौढपणी जास्त निघतो, आणि ठरलेली वाटणी असती तर तो असा बदलला नसता.