लाइन गेली अन् मासा सैरभैर: भ्यालाय की गुदमरलाय?

विदर्भातल्या खेड्यात लाइन गेली की फिशटँकमधल्या दोन गोष्टी एकाच क्षणी बंद पडतात, वरचा दिवा आणि हवेचा पंप. त्यामुळे पिल्लू सैरभैर झालं तर ते अंधाराला भ्यालं की त्याला हवा कमी पडली, हे पटकन कळत नाही. दोन्ही वेळी ते वेडंवाकडं धावतं, रंग उतरतो, टाकलेलं खाद्य तसंच राहतं. उपाय मात्र एकमेकांच्या उलट आहेत. भ्यालेल्या माशाला एकटं सोडायचं असतं आणि गुदमरलेल्यासाठी हातातलं काम टाकून धावायचं असतं. घरात नव्यानेच आणलेली बरीच पिल्लं या उलटापालटीतच जातात, असं माझं मत आहे. लोक भ्यालेल्या माशाचं पाणी बदलतात आणि गुदमरलेल्याच्या टाकीवर कापड झाकून झोपायला जातात.

सगळ्यात भरवशाची खूण वेळेची. भीती उजेड बदलला त्याच क्षणी दिसते आणि हळूहळू ओसरते. गुदमरणं उशिरा सुरू होतं आणि वाढत जातं. झेब्रा मासा हा आपल्याच उपखंडातल्या संथ ओढ्यांचा आणि धानाच्या बांध्यांचा रहिवासी. त्याच्या काही दिवसांच्या पिल्लांवर प्रयोगशाळांमधून भरपूर काम झालं आहे. उजेड अचानक घालवला की पिल्लू अंग वाकवून मोठी गिरकी घेतं, मग काही मिनिटं नेहमीपेक्षा जास्त पोहतं आणि पुढे शांत होतं. म्हणजे अंधार झाल्याबरोबर उडालेली धांदल पाच-दहा मिनिटांत उतरणीला लागली, तर तिथे आपण करण्यासारखं काही नसतं. हेच पिल्लू लाइन गेल्यावर तासभर शांत होतं आणि आता कासावीस झालंय, तर अंधाराला दोष देऊ नका.

उजेड अचानक आल्यावरची भीती मात्र जास्त वाईट, आणि तिचं कारण डोळ्यात आहे. बहुतेक माशांना पापण्या नसतात आणि त्यांची बाहुलीही आपल्यासारखी आकसत नाही. डोळ्याच्या पडद्यातलं काळं रंगद्रव्य आणि प्रकाश टिपणाऱ्या पेशी प्रत्यक्ष पुढेमागे सरकतात, तेव्हा कुठे मासा नव्या उजेडाला सरावतो. हे सरकणं पाव-अर्धा तास चालतं, कधी त्याहून जास्त. रात्री दोनला लाइन आली आणि टाकीचा एलईडी भक्कन पेटला, तर तेवढा वेळ मासा दिपलेलाच राहतो. तशातच तो काचेवर आपटतो, झाकण नसेल तर बाहेर उडी मारतो.

टेट्रा, बार्ब, झेब्रा, गोल्डफिश या मंडळींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडते. त्यांच्या कातडीला जखम झाली की पाण्यात एक द्रव्य सुटतं आणि त्याच्या वासाने बाकीचे मासेही घाबरतात. प्राणिशास्त्रज्ञ कार्ल फॉन फ्रिश यांनी हे 1938 मध्ये दाखवून दिलं. एक पिल्लू काचेला घासलं की सगळा थवा कोपऱ्यात गोळा होतो तो यामुळेही असू शकतो. म्हणून सगळेच मासे बिथरले एवढ्यावरून पाणी बिघडलं असं धरून चालू नये.

दुसरी खूण जागेची. भ्यालेला मासा खाली जातो. तळाशी, दगडामागे, फिल्टरच्या आडोशाला पर मिटून बसतो. गुदमरलेला वर येतो आणि पाण्याच्या पृष्ठभागाला तोंड लावून सारखी उघडझाप करतो, कारण हवेला टेकलेल्या पातळ थरातच थोडा प्राणवायू शिल्लक असतो. इथे दोन अपवाद लक्षात ठेवावे लागतात. आरोग्य केंद्राच्या हौदातून डासांच्या अळ्यांसाठी आणलेल्या गप्पीची नुकती जन्मलेली पिल्लं वरच्या थरातच राहतात, तो त्यांचा स्वभावच आहे. फायटर आणि गुरामी तर थेट हवा पितात. अधूनमधून वर येऊन एक घोट घेतला आणि खाली गेला, तर काळजी नाही. खाली जायलाच तयार नाही, तेव्हा काळजी.

जागेवरून कळलं नाही तर कल्ले बघा. शांत दिवशी, दिवा लागून बराच वेळ झालेला असताना, एका मिनिटात कल्ल्यांवरची झाकणं किती वेळा हलतात ते मोजून भिंतीवर लिहून ठेवा. भीतीनेही हा वेग वाढतो, पण थोड्या वेळाने उतरतो. गुदमरणारा मासा झाकणं फाकवून जोरजोरात श्वास घेतो आणि आकडा चढतच जातो. रंगावर फार विसंबू नका. निऑन टेट्रा रात्री आपोआप फिका पडतो आणि दिवा लागल्यावर काही वेळाने त्याची निळी पट्टी परत येते.

हवा कमी पडण्याचा धोका आपल्याकडे जास्त का, तर उन्हाळा. 20 अंशाच्या पाण्यात एका लिटरमध्ये साधारण 9 मिलिग्रॅम प्राणवायू विरघळलेला राहू शकतो, 30 अंशाला साडेसात, 35 ला जेमतेम सात. चंद्रपूर-अकोल्याकडे बाहेर 45 अंश असताना, कूलर बंद पडलेल्या खोलीतलं पाणी कुठवर तापतं ते हात घालून बघा. पाणी तापेल तशी माशाची प्राणवायूची गरजही वाढते. पुरवठा घटतो आणि मागणी चढते, अशा दोन्ही बाजूंनी ते पिल्लू कोंडीत सापडतं. त्यात टाकीत हायड्रिला दाटला असेल, तर अंधारात तोही प्राणवायू घेतो. म्हणून वनस्पतींच्या टाकीत सगळ्यात बिकट वेळ पहाटेची.

गुदमरण्याची शंका आली की पाण्याचा मग घ्या, टाकीतलंच पाणी काढा आणि वीतभर उंचीवरून एका कोपऱ्यात परत ओता. पाच-दहा मिनिटं ओतत राहा, थांबा, पुन्हा ओता. खाद्य बंद. पाणी फार तापलं असेल तर गोठवलेली बाटली टोपण घट्ट लावून तरंगत ठेवा, पण पाणी एकदम गार करू नका. ताजं पाणी घालायची घाई तर मुळीच नको. ग्रामपंचायतीच्या नळाला टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकलेलं असतं आणि क्लोरीनने कल्लेच पोळतात. त्यासाठी 24 तास उघडं ठेवलेलं पाणी घरात हवं. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप मिळतो. महागड्या दिव्याआधी तो घ्या, असंच मी प्रत्येकाला सांगते. अंधारात डास आले म्हणून टाकीजवळ डासांची अगरबत्ती लावू नका. त्यातलं कीटकनाशक माशांना फार घातक असतं आणि लाइन आल्याबरोबर पंप तोच धूर पाण्यात ओढतो.

भीतीवरचं औषध आधीच करून ठेवायचं असतं. सकाळी आधी खिडकी उघडा किंवा खोलीतला दिवा लावा, अर्ध्या तासाने टाकीचा. रात्री उलट, टाकीचा आधी मालवा आणि खोलीतला मागून. झोपण्यापूर्वी टाकीच्या दिव्याचा खटका हाताने बंद करा, म्हणजे अपरात्री लाइन आली तरी दिवा पेटणार नाही. पंप वेगळ्या खटक्यावर हवा, कारण तो मात्र लाइन येताच सुरू झालाच पाहिजे. फिरत्या चकतीचा टायमर असेल तर लाइन गेल्यावर तो थांबतो आणि तेवढा मागे पडतो. संध्याकाळी विझायचा दिवा मग मध्यरात्री विझतो, त्यामुळे रोज एकदा घड्याळाशी जुळवावा लागतो. इन्व्हर्टर असेल तर त्यावर झिरोचा बल्ब टाकीपासून दूर लावून ठेवा, म्हणजे गुडूप अंधार होत नाही. पाण्यावर तरंगत्या वनस्पती, मागच्या काचेला गडद कागद, तळाशी काळपट रेती आणि लपायला मडक्याचा तुकडा. एवढ्यावर बिचकणारं पिल्लू चार-आठ दिवसांत बरंच निवळतं. ते घाबरलेलं असताना काचेवर टिचकी मारणं, मोबाइलचा टॉर्च पाडून बघणं, शेजारच्या पोट्ट्यांना दाखवायला बोलावणं, यातलं काहीही नको.

खरी पंचाईत दोन्ही एकत्र आल्यावर. पाच-सहा तासांनी लाइन येते, मासे आधीच हवेसाठी वर आलेले असतात आणि त्यांच्या डोळ्यांवर दिवा पेटतो. तिथे हवा आधी. पंप चालू, दिवा बंद, खोलीतल्या उजेडात काम भागवा. फिल्टर मात्र लगेच लावू नका. पाणी थांबलं की त्याच्या स्पंजातले जिवाणू प्राणवायूविना मरू लागतात आणि आतलं पाणी नासतं. स्पंज बादलीभर टाकीच्याच पाण्यात पिळून काढा, ते पाणी तुळशीला किंवा पपईला घाला आणि मग फिल्टर सुरू करा. पुढचे दोन-तीन दिवस खाद्य निम्म्यावर ठेवा, कारण जिवाणू कमी झाल्याने पाण्यात अमोनिया साठू शकतो आणि आपल्या बोअरच्या क्षारधर्मी, उष्ण पाण्यात तो जास्त बाधतो. त्या दिवसांत दिवा न बदलताही मासा धापा टाकताना दिसला, तर पाव टाकी पाणी बदला, 24 तास ठेवलेलंच.