कपाटाची दारे आणि ड्रॉवर: ऑर्डर देण्याआधी एवढे वाचून घ्या

आमच्याकडे कपाटांची गर्दी होते ती लग्नसराईत. मुलीला आंदण द्यायचे म्हणून चैत्र-वैशाखात काम उरकून पाहिजे असते. तेव्हा चंद्रपूरकडे पारा ४५ च्या पुढे, हवा कोरडी ठणठणीत, लाकूड पार आटलेले. त्याच कपाटाला महिना-दीड महिन्यात मृगाचा पाऊस लागतो आणि जुलैत फोन येतो, "मिस्तरी, दार घासून राह्यलं जी, जरा रंधा मारून द्या!"

लाकूड लांबीत जवळजवळ वाढत नाही, ते फुगते रुंदीत. दीड फूट रुंद सागवानी फळी उन्हाळ्यापासून भर पावसाळ्यापर्यंत तीन-चार मिलिमीटर सहज वाढू शकते. फळी गडचिरोलीतल्या आलापल्लीच्या सागाची असली तरी हा नियम चुकत नाही. बल्लारपूरच्या डेपोतून २०२३ मध्ये अयोध्येच्या राममंदिरासाठी साग गेला, तेव्हापासून "तोच साग पाहिजे" म्हणणारे वाढले आहेत. माल उत्तमच आहे. पण नाव कितीही मोठे असो, लाकूड वाळलेले नसेल तर दार वाकणारच. म्हणून लाकूड कुठले, एवढे विचारून थांबू नका. किती वाळवले तेही विचारा.

एकसंध फळ्या जोडून रुंद दार आम्ही करत नाही. चार पट्ट्यांची चौकट करायची, आडव्या पट्टीचे कुसू, म्हणजे टोकाची निमुळती जीभ, उभ्या पट्टीच्या भोकात ठोकून बसवायचे आणि मधली फळी चौकटीच्या आतल्या खाचेत नुसती सरकवायची. फेविकॉल लागतो तो फक्त चौकटीच्या सांध्यांना. फळीला तो कडेने लागत नाही. नवीन दार हातात घेतले की फळी किंचित खुळखुळते आणि गिऱ्हाईक म्हणते, "ढिली राहिली." ती ढिली नाही, तिला फुगायला जागा ठेवली आहे. कडा चिकटवल्या तर पावसाळ्यात चौकटीचे सांधे उघडतील, नाहीतर हिवाळ्यात फळी मधोमध तडकेल. आणखी एक: फळीला पॉलिश आम्ही ती चौकटीत घालण्याआधीच करतो. नंतर केले तर थंडीत फळी आटते आणि कडेला बिनपॉलिशची फिकी रेघ उघडी पडते. सस्त्यातले काम तिथेच ओळखता येते.

उन्हाळ्यात बसवलेल्या दाराभोवती दोन-तीन मिलिमीटरची फट दिसेल. ती राहू द्या. पावसाळ्यात दार घासले तर लगेच रंधा मारायला लावू नका, दिवाळीपर्यंत थांबा. जुलैत तासलेल्या दारातून जानेवारीत आतला डबा दिसतो.

प्लायच्या दारांना ही कटकट कमी. तिथे मुद्दा कब्ज्यांचा. ऑटो हिंज म्हणजे बाहेरून न दिसणारा कब्जा; दारात बसणारी त्याची वाटी ३५ मिलिमीटरची असते, तिला दाराची जाडी १८ मिलिमीटर बरी. तीन फूट उंच दाराला दोन कब्जे पुरतात, पाच फुटांपर्यंत तीन, त्याहून उंच दाराला चार. आरसा लावणार असाल तर आधीच सांगा, एक कब्जा वाढवावा लागतो. स्वयंपाकघरासाठी बीडब्ल्यूआर, म्हणजे पाण्याला टिकणारा प्लाय घ्या. भुशाच्या बोर्डात एकदा निघालेला स्क्रू पुन्हा धरत नाही, म्हणून दारांसाठी तो आम्ही वापरतच नाही.

दोन दारे वरखाली दिसू लागली की लोक आधी कब्ज्यावर येतात. आम्ही म्हणतो, पहिले फरशी पाहा. गावाकडच्या घरात जमीन सपाट क्वचितच असते आणि एक पाय अधांतरी राहिला की कपाट तिरपे होते. सुतळी घ्या. दाराच्या मोकळ्या चौकटीत वरच्या डाव्या कोपऱ्यापासून खालच्या उजव्या कोपऱ्यापर्यंत मोजा, मग उलट बाजूने मोजा. दोन्ही मापे सारखी येईपर्यंत पायाखाली लाकडाची चिपटी सरकवा. बहुतेक वेळा दारे आपसूक जुळतात. त्यानंतरही फरक उरला तर कब्ज्याचा दाराकडचा स्क्रू फिरवा, दार डावी-उजवीकडे सरकते.

ड्रॉवरमध्ये सगळा खेळ मापाचा. टेलिस्कोपिक चॅनलला, म्हणजे ड्रॉवर ज्यावर सरकतो त्या लोखंडी पट्ट्यांना, दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा इंच जागा लागते. म्हणजे कपाटाची आतली रुंदी ४०० मिलिमीटर असेल तर ड्रॉवरची पेटी ३७४ ची. पेटी रुंद झाली तर चॅनल अडकते, अरुंद झाली तर ड्रॉवर डुलतो. म्हणून आधी कपाट उभे करून, आतले माप घेऊन मगच आम्ही पेटी कापतो. "सगळे एकदम कापून टाका" असा आग्रह धरू नका. पेटीचा तळही खालून खिळ्यांनी ठोकत नाही, खाचेत सरकवतो. सातबारा, पासबुके, बियाण्याच्या पावत्या मिळून ड्रॉवरचे वजन बघता बघता वाढते आणि ठोकलेला तळ कधीतरी सुटतोच.

उंदरांचा त्रास असेल तर ऑर्डर देतानाच सांगा. पिल्लू पेन्सिलीएवढ्या फटीतूनही आत शिरते, म्हणून मागची बाजू प्लायने बंद करून द्यावी लागते. चॅनलला खोबरेल लावू नका. धूळ आणि कापसाचे तंतू चिकटून आतल्या गोळ्या जाम होतात. कोरड्या ब्रशने झाडत राहिलात तरी पुरे. जुन्या पद्धतीच्या लाकडी पट्ट्यांवर चालणाऱ्या ड्रॉवरला मेणबत्ती घासा.

कपाट पिकअपमधून येताना ड्रॉवर वेगळे काढलेले असतील. प्रत्येकाच्या मागे पेन्सिलने आकडा टाकलेला असतो, त्याच जागी घाला. भिंतीतले कपाट असेल तर माप घ्यायला आम्ही घरी येतो. त्या दिवशी कोनाडा रिकामा आणि गिलावा वाळलेला असू द्या.