वारशाने मिळालेल्या घरात राहताय? घरपट्टी, आयकर आणि विम्याचे कागद असे आपल्या नावावर आणा

वडील गेल्यानंतर सहा वर्षं घरपट्टीचं बिल त्यांच्याच नावाने येत होतं आणि आम्ही ते भरत होतो. मग एका पावसाळ्यात पाणी शिरून मागची भिंत पडली. विम्याचा सर्व्हेअर ओल्या विटांपाशी उभा राहिला आणि त्याने पहिलंच विचारलं, "घर कुणाच्या नावावर आहे?" पुढचे चार महिने कागद गोळा करण्यात गेले. ही वेळ कुणावरही येऊ नये.

आधी भीती काढून टाकू. आपल्याकडे वारसा कर नाही. मृताच्या मालमत्तेवरचा कर, म्हणजे इस्टेट ड्यूटी, १९८५ मध्येच रद्द झाली. वारशाने किंवा मृत्युपत्राने घर मिळालं म्हणून आयकरही लागत नाही. स्वतः राहत असाल तर अशा दोन घरांपर्यंत वार्षिक मूल्य (घराला मिळू शकणारं भाडं) शून्य धरतात. एखादी खोली भाड्याने दिली असेल तर ते भाडं मात्र उत्पन्नात दाखवावं लागतं. गेलेल्या माणसाचं शेवटचं विवरणपत्र राहिलं असेल तर वारसाने ई-फायलिंग पोर्टलवर कायदेशीर प्रतिनिधी म्हणून नोंदणी करून ते भरायचं. जुनं खरेदीखत टाकू नका. पुढे घर विकलंत तर नफा मूळ मालकाच्या खरेदी किमतीवरून मोजतात, आणि खरेदी १ एप्रिल २००१ च्या आधीची असेल तर त्या दिवशीचं बाजारमूल्य धरता येतं.

खरं काम आहे ते नावाचं. घरपट्टीच्या पावतीवर नाव आलं म्हणजे मालकी मिळाली, असं होत नाही. पावती फक्त कर कोण भरतो ते सांगते. त्यामुळे मालकीची आणि कराची, अशा दोन्ही नोंदी कराव्या लागतात. मालकीची नोंद सातबाऱ्यावर असेल तर वारस नोंदीचा अर्ज तलाठ्याकडे किंवा महसूल विभागाच्या ऑनलाइन ई-हक्क प्रणालीवर करायचा, तोही हक्क मिळाल्यापासून तीन महिन्यांत. मालमत्ता पत्रक (प्रॉपर्टी कार्ड) असेल तर नगर भूमापन कार्यालयात. फ्लॅट असेल तर सोसायटीत, आणि तिथे लक्षात ठेवा की नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. कराची नोंद गावात ग्रामपंचायतीच्या नमुना ८ ला (घरपट्टी आकारणीच्या नोंदवहीत) होते, शहरात महापालिकेच्या करसंकलन विभागात.

सोबत मृत्यू दाखला, सगळ्या वारसांची नावं असलेलं प्रतिज्ञापत्र, असल्यास मृत्युपत्र, जुना मालकीचा कागद, आधार आणि थकबाकी नसलेली घरपट्टीची पावती ठेवा. थकबाकी घराबरोबरच वारसाकडे येते आणि महापालिका हद्दीत तिच्यावर महिना २ टक्के शास्ती (दंड) चढते.

वारसांच्या यादीत सर्वांत जास्त चुका होतात. हिंदू पुरुष मृत्युपत्र न करता गेला तर पत्नी, मुलगे आणि मुली यांच्याबरोबर त्याच्या आईचाही वाटा असतो. आजी हयात असेल तर तिचं नाव लिहा. लग्न झालेल्या बहिणीचं नाव गाळणं तर सरळ अन्याय आहे, आणि तीच हरकत पुढे सगळं अडवते. बहीण स्वखुशीने वाटा सोडत असेल तर हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवा. नुसती नोटरी पुरत नाही.

पुण्यात स्वतः राहणाऱ्यांना घरपट्टीत ४० टक्के सवलत आहे. ती घेतली नसेल तर महापालिकेचा पीटी-३ अर्ज भरा.

आता विमा. १ एप्रिल २०२१ पासून 'भारत गृह रक्षा' ही एकसारख्या अटींची पॉलिसी आहे. आग, पूर, वादळ, वीज, भूकंप, दरड यांचं नुकसान तिच्यात येतं. रक्कम ठरते चटईक्षेत्र आणि बांधकामाचा दर यावरून. जागेची किंमत धरत नाहीत. घरातल्या सामानाला इमारतीच्या विम्याच्या २० टक्के, कमाल १० लाखांपर्यंत संरक्षण आपोआप मिळतं. साध्या घरफोडीसाठी मात्र वेगळा विमा लागतो. घर सामाईक असेल तर सगळ्यांची नावं घालून घ्या. वडिलांच्या नावाची पॉलिसी चालू असेल तर मृत्यू दाखला जोडून कंपनीला लेखी कळवा आणि पोचशिक्क्याची प्रत घरपट्टीच्या फाइलमध्येच लावून ठेवा.