फासे तेच, टेबल वेगळं: बुकिंगआधी वाचायचं पान

‘रविवारी पाच जणांचं टेबल लावा,’ असा रोलप्लेइंग गेमसाठी फोन आमच्या जळगावच्या दुकानात आला की आम्ही विचारतो, वहीचं की बिनवहीचं? पलीकडे बहुतेक वेळा शांतता. मग दुकानात गिऱ्हाईक उभं असताना वीस मिनिटं फोनवर समजावत बसायचं. त्यापेक्षा हे पान छापलेलं बरं.

नवख्यांसाठी आधी थोडक्यात. रोलप्लेइंग गेम म्हणजे टेबलाभोवती बसून बोलत बोलत खेळायची गोष्ट. प्रत्येकाचं एक पात्र असतं आणि त्या पात्राची माहिती लिहिलेला एक कागद असतो, म्हणजे कॅरेक्टर शीट. एक जण सूत्रधार, त्याला सगळे जीएम (गेम मास्टर) म्हणतात. तुम्ही म्हणता, ‘मी भिंतीवरून पलीकडे उडी टाकतो.’ जमेल की नाही याची खात्री नसेल तेव्हा फासे टाकायचे. मोबाइल लागत नाही. कोण जिंकलं असंही काही नसतं.

आता फरक. वहीच्या टेबलावर जग जीएमने आधीच लिहून ठेवलेलं असतं, बिनवहीच्या टेबलावर ते सगळे मिळून खेळता खेळता ठरवतात. सारंगखेड्याच्या यात्रेतला एक प्रसंग आम्ही दोन्ही प्रकारे खेळवतो, तोच सांगतो. दत्तजयंतीची थंडी, तापीकाठचा घोडेबाजार, रात्रीचा एक वाजलेला. तुमचा घोडा एका व्यापाऱ्याने लबाडीने आपल्या दावणीला बांधलाय आणि तो तुम्हाला उजाडायच्या आत सोडवायचाय.

वहीच्या टेबलावर हे सगळं जीएमच्या वहीत आधीच लिहिलेलं असतं. कुंपणाला फाटक एकच. राखणदार दोन, एक जागा, एक घोंगडी घेऊन आडवा. दोन वाजता जागा असलेला चहाला जातो. कुलूप जुनं, पण साधं नाही: अवघडपणा १५. तुम्ही कुलूप उघडायला गेलात तर वीस बाजूंचा फासा टाकायचा आणि त्यात तुमच्या हातचलाखीचे, समजा, ३ मिळवायचे. म्हणजे फाशावर १२ किंवा जास्त हवेत. वीसपैकी नऊ बाजू तुमच्या, शंभरात पंचेचाळीस वेळा कुलूप उघडेल. पण संध्याकाळी यात्रेत फिरताना चहावाल्याशी कोणी दोन शब्द बोललं असेल, तर त्याला दोन वाजताची गोष्ट कळलेली असते. तो म्हणतो, ‘आपण थांबू.’ राखणदार उठून जातो, किल्ली खुंटीवर, फासा टाकायचीच गरज पडत नाही. त्या क्षणी टेबलावर जो आनंद होतो तो बघण्यासारखा असतो, कारण ती गोष्ट वहीत खरोखर होती आणि तुम्ही ती शोधून काढलीत.

ही पद्धत जुनी. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ काढला. सैनिकांच्या छोट्या बाहुल्या मांडून लढाया खेळायच्या छंदातून तो निघाला, म्हणून नकाशे, अंतरं, शस्त्रांचे तक्ते हे सगळं त्याच्या रक्तातच आहे. जग जीएमचं, पात्र तुमचं, ही वाटणी तेव्हापासूनची.

बिनवहीच्या टेबलावर तोच राखणदार समोर येतो आणि जीएम उलट तुम्हालाच विचारतो, ‘हा तुला ओळखतो. कसा काय?’ आमच्याकडे एका खेळाडूने पटकन उत्तर दिलं, ‘मागच्या यात्रेत याच्याकडून पैसे उसने घेतले होते. अजून दिले नाहीत.’ हे तोवर कोणालाच माहीत नव्हतं, जीएमलाही नाही. आता ते खरं झालं. पुढे तोच खेळाडू छाती काढून राखणदाराला म्हणतो, ‘बाबा, तो घोडा मना शे!’ (आमच्या टेबलावर अहिराणी चालते, धमकी द्यायला तर तीच बरी.) मग सहा बाजूंचे दोन फासे, अधिक त्याच्या शीटवरचा १. पडले पाच आणि दोन, एकूण आठ.

दहा किंवा वर आले असते तर घोडा सुखरूप बाहेर. सहा किंवा खाली आले असते तर पुढची चाल जीएमच्या हातात, आणि ती सहसा गोड नसते. सात ते नऊ म्हणजे काम होतं, पण किंमत मोजून. जीएम म्हणाला, ‘ने घोडा. पण जुने पैसे आत्ता दे, नाहीतर तुझा भाऊ सकाळपर्यंत इथे माझ्याजवळ बसेल.’ भावाचं पात्र करणारा मुलगा शेजारीच बसला होता. त्याचा चेहरा बघायला हवा होता.

हे तीन टप्पे २०१० साली आलेल्या व्हिन्सेंट आणि मेग्वे बेकर यांच्या ‘अपोकॅलिप्स वर्ल्ड’मधले. त्यात जीएम स्वतः फासे टाकत नाही. एकची भर असेल तर दोन फाशांच्या ३६ शक्यतांपैकी १० वेळा स्वच्छ यश, १६ वेळा किंमत देऊन यश, १० वेळा फसगत. म्हणजे सगळ्यात जास्त वेळा ‘हो, पण’ असंच उत्तर मिळणार. वहीच्या टेबलावरचा फासा ‘जमलं का?’ एवढंच विचारतो. इथला फासा विचारतो, ‘आता गोष्ट कुठे वळणार?’ लोकांना वाटतं वहीचं म्हणजे मारामारी आणि बिनवहीचं म्हणजे गप्पा. तसं नाही. जगात काय खरं, हे कोण ठरवतं, यावर सगळं आहे.

बिनवहीचं सोपं असतं, हाही एक गैरसमज. त्याच्या नियमांचं पान छोटं आहे म्हणून आम्हीही सुरुवातीला नवख्यांना तेच द्यायचो. एकदा कॉलेजचा ग्रुप आला. मी मोठ्या उत्साहाने विचारलं, ‘तुमच्या या गावात लोक कशाला घाबरतात?’ एक मिनिट कोणी बोलेना. पंख्याचा आवाज तेवढा. शेवटी एक जण म्हणाला, ‘दादा, तुम्हीच सांगा ना. पैसे आम्ही दिलेत.’ त्याचं चूक नव्हतं. पहिल्याच दिवशी परक्या माणसांसमोर कल्पना लढवायची म्हणजे लग्नात अचानक ‘उखाणा घे’ म्हटल्यासारखं. वहीच्या टेबलावर बुजऱ्या माणसाची पाळी येते, समोर ठरलेली परिस्थिती असते, शीटवर काय काय करता येतं ते लिहिलेलं असतं. तो बोलायला लागतो. म्हणून हल्ली पहिल्यांदा येणाऱ्यांना आम्ही वहीचंच सुचवतो. माझा भागीदार याला अजून तयार नाही, पण हे पान मी लिहितोय.

रहस्यकथा हवी असेल तर मात्र नीट विचार करा. वकिली करणारे एक काका बिनवहीच्या टेबलावर बसले होते. खुनाचा तपास चालू होता, सगळे छान पुरावे जोडत होते. मध्येच काका थांबले आणि म्हणाले, ‘मला एक सांगा, खुनी ठरलेला आहे का?’ नव्हता. तो खेळता खेळता ठरणार होता. काकांनी पेन्सिल खाली ठेवली. त्यांना उत्तर शोधायचं होतं, तयार करायचं नव्हतं. अशांसाठी १९८१ पासूनचा ‘कॉल ऑफ कथुलू’ आहे, एक ते शंभर आकडे देणारे फासे टाकायचा आणि वहीचा. याउलट ज्यांना खुनी कोण यापेक्षा ‘तो माझाच मेहुणा निघाला तर?’ यात मजा वाटते, त्यांनी बिनदिक्कत बिनवहीचं घ्यावं.

दोन्हींचे दोषही सांगून ठेवतो. वहीच्या टेबलावर जीएम आपल्या लिखाणाच्या प्रेमात पडला की तुम्ही डावीकडे जा नाहीतर उजवीकडे, गाडी त्याच्याच स्टेशनला लागते. भुसावळ जंक्शन इतकं जवळ आहे. रूळ बघायला आमच्याकडे यायची गरज नाही. म्हणून आमचा जीएम फासे सगळ्यांसमोर टाकतो आणि तुम्ही वहीबाहेर गेलात तर वही मिटतो. बिनवहीच्या टेबलावर धोका दुसरा: एक बोलका माणूस सगळी गोष्ट खाऊन टाकतो. आणि प्रत्येक फाशाला ‘हो, पण’ आलं की तिसऱ्या तासाला सगळे दमतात.

मधला रस्ताही आहे. २०१७ च्या ‘ब्लेड्स इन द डार्क’मध्ये मागे जाण्याची सोय आहे. कुलपासमोर उभं राहून तुम्ही म्हणू शकता, ‘मी काल दुपारीच या लोहाराला पटवून ठेवलं होतं,’ आणि थोडा ताण अंगावर घेऊन ते खरं करता येतं. ही युक्ती आम्ही वहीच्या टेबलावरही एका रात्रीत एकदा चालू देतो. नियमात बसत नाही, पण मजा येते.

घरची मंडळी, शाळेतली मुलं बरोबर असतील तर वहीचं. एकमेकांना वर्षानुवर्षं ओळखणारे, पारावर बसून एकमेकांची फिरकी घेणारे चार मित्र असतील तर बिनवहीचं. तिथे जीएमला फार कमी बोलावं लागतं. जीएमच नको असेल तर २००९ चा ‘फियास्को’ तीन ते पाच जणांत खेळता येतो. तो दुकानात भाड्याने मिळेल, आम्ही फक्त मांडून देऊ. महिनोन्‌महिने चालणारं कॅम्पेन, म्हणजे एकच सलग गोष्ट, हवं असेल तर आधी एकदा समोर येऊन बोला.

दोन्ही टेबलांचा दर एकच आहे, काउंटरवर लिहिलाय. वहीच्या टेबलासाठी चार दिवस आधी कळवा, वही लिहायला वेळ लागतो. बिनवहीचं आदल्या दिवशी सांगितलं तरी चालतं, पण चारपेक्षा जास्त जण नकोत. एप्रिल-मे महिन्यांत टेबल संध्याकाळी साडेसहानंतरच लागेल. वरच्या खोलीत कूलर आहे, तरी जळगावच्या दुपारी त्याचं काही चालत नाही. फासे, शीट, पेन्सिली आमच्या. खायला चिवडा, केळी, काहीही आणा, फक्त शेवभाजी खाली खाऊन या. तर्रीचा डाग पडला की शीटवरचे आकडे वाचता येत नाहीत, आणि मागच्या महिन्यात त्यावरून एका पात्राचा जीव जाता जाता वाचला.