निळ्या झाकणाची बाटली : ईडीएनए नमुने गोळा करणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

आमच्या प्रयोगशाळेकडून पर्यावरणीय डीएनएचे, म्हणजे सगळे ज्याला ‘ईडीएनए’ म्हणतात त्याचे, नमुना-संच नेणाऱ्या वनपरिक्षेत्र कार्यालयांना, संशोधक विद्यार्थ्यांना आणि स्वयंसेवी संस्थांना ही तपासणी काय असते हे नव्याने सांगण्याची गरज नाही. पाणवठ्यावर आलेले जनावर लाळ, मूत्र, केस आणि कातडीच्या पेशी यांच्या रूपाने आपला माग पाण्यात सोडून जाते, आणि ते पाणी गाळून फिल्टरवर अडकलेल्या डीएनएवरून आपण ते जनावर कोणते होते हे ओळखतो. हे पत्रक मात्र संचातल्या एकाच वस्तूविषयी आहे. निळ्या झाकणाच्या बाटलीबद्दल आम्हाला फोनवर जितके बोलावे लागते तितके दुसऱ्या कशाबद्दलही लागत नाही, आणि अडकून पडणाऱ्या अहवालांपैकी बहुतेक तिच्यापायीच अडकतात.

या बाटलीत डीएनए-विरहित पाणी असते. पाणवठ्यावर पोहोचल्यावर, हातमोजे घालून झाल्यावर आणि पाणवठ्याच्या पाण्याला हात लावण्यापूर्वी, ती जागेवरच उघडायची, तिच्यातले पाणी पाणवठ्याच्या पाण्यासारखेच सिरिंजने फिल्टरमधून दाबायचे, फिल्टरवर संरक्षक द्रावण सोडायचे आणि इतर फिल्टरांबरोबर तो आमच्याकडे पाठवायचा. याला आम्ही ‘कोरा नमुना’ म्हणतो. ज्या पाण्यात काहीच नाही त्याची तपासणी कशासाठी, हा प्रश्न रास्त आहे. पाण्यात काही नसल्यामुळेच त्या फिल्टरवर जे काही सापडेल ते तुमच्या हातांचे, बॅगेचे, जीपच्या मागच्या सीटचे किंवा आमच्या रसायनांचे असते. तेच खऱ्या नमुन्यांतही सापडले, तर त्यातले पाणवठ्याचे किती आणि बाहेरचे किती हे ठरवण्याचा दुसरा मार्ग आमच्याकडे नाही. आमच्या रसायनांचा उल्लेख आम्ही मुद्दाम केला आहे, कारण गाय, डुक्कर आणि कोंबडी यांच्या डीएनएचे अंश प्रयोगशाळेच्या रसायनांतही कधीकधी असतात, आणि पीसीआरमध्ये, म्हणजे डीएनएच्या असंख्य प्रती काढण्याच्या प्रक्रियेत, सर्रास वापरले जाणारे एक प्रथिन तर गुरांच्या रक्तापासूनच बनवतात. त्यासाठी आम्ही आमचे वेगळे कोरे नमुने चालवतो. पण जंगलात काय घडले हे ते सांगू शकत नाहीत.

मागच्या एका हंगामात सह्याद्रीतल्या एका ओढ्यावरचे आठ फिल्टर आमच्याकडे आले आणि त्यांच्याबरोबर निळ्या झाकणाची बाटलीही परत आली. तिचे सील शाबूत होते, आणि वर चिकटवलेल्या चिठ्ठीवर सुवाच्य अक्षरात लिहिले होते : ‘ओढ्याचे पाणी स्वच्छ होते, त्यामुळे ही वापरावी लागली नाही.’ आठही नमुन्यांत कोंबडीच्या कुळातला डीएनए भरपूर निघाला. ग्राहकांना आनंद झाला, कारण त्यांना यादीत राखी रानकोंबडा हवा होता, आणि त्या रानात तो आहे हे कोणीही सांगेल. पहाटे त्याची बांग ऐकू येते. अडचण अशी होती की आम्ही वाचतो त्या डीएनएच्या आखूड तुकड्यावर रानकोंबडा आणि गावठी कोंबडी यांना खात्रीने वेगळे करता येत नाही, आणि आदल्या रात्री विश्रामगृहावर चिकनचा रस्सा होता हे आम्हाला बोलता बोलता समजले. कोरा नमुना असता आणि तो स्वच्छ निघाला असता, तर निदान कोंबडीचा डीएनए ओढ्याच्याच पाण्यातला आहे एवढे आम्ही लिहून दिले असते. तसे काहीच लिहिता आले नाही. तोवर पाऊस सुरू झाला होता, आणि त्या चमूला पुन्हा जायला पुढचा एप्रिल उजाडावा लागला. बाटली वापरायला दहा मिनिटेही लागली नसती.

डीएनएला जिवंत जनावर आणि ताटातले जनावर यांतला फरक कळत नाही, आणि हा दोष केवळ आमच्या पद्धतीचा नाही. २०२२ साली कोपनहेगनच्या आणि इंग्लंडमधल्या प्राणिसंग्रहालयांत हवा गाळून प्राणी ओळखण्याचे जे दोन प्रयोग प्रसिद्ध झाले, त्यांत पिंजऱ्यांतल्या प्राण्यांबरोबर त्यांना खाऊ घातलेल्या मांसाचाही डीएनए मिळाला होता. (हवेचे नमुने तुम्ही घेता का, असे अनेकजण विचारतात. अजून घेत नाही.)

या बाटलीच्या बाबतीत आणखी दोन चुका आमच्या पाहण्यात आल्या आहेत. काहीजण ती मुक्कामी परतल्यावर पंख्याखाली निवांत बसून गाळतात. तसा कोरा नमुना मुक्कामाच्या खोलीविषयी माहिती देतो, पाणवठ्याविषयी नाही. काहीजण ती हरवली म्हणून दुकानातून पाण्याची सीलबंद बाटली आणतात. ते पाणी पिण्यास सुरक्षित असते, डीएनएमुक्त असेलच असे नाही. बाटली हरवली तर आम्हाला कळवावे. दुसरी पाठवण्याचे पैसे आम्ही लावत नाही.

कोऱ्या नमुन्याचेही पूर्ण शुल्क का, हा देयकाबद्दल नेहमी येणारा प्रश्न आहे. कोऱ्या फिल्टरमधून डीएनए वेगळा करण्यापासून पीसीआर आणि सिक्वेन्सिंगपर्यंत (डीएनएचा क्रम वाचण्यापर्यंत) प्रत्येक पायरी खऱ्या फिल्टरइतकीच करावी लागते, आणि त्यात सवलत देणे म्हणजे त्यातली एखादी पायरी गाळणे. प्रत्येक नमुना आम्ही पीसीआरला तीनदा लावतो आणि किमान दोनदा दिसलेलीच प्रजाती अहवालात घेतो. एकदाच दिसलेला खवल्या मांजराचा डीएनए आम्ही वगळला म्हणून नाराज झालेले ग्राहक आहेत. पण तो अहवाल पुढे व्यवस्थापन आराखड्यात जाणार असतो, आणि तिथे गेलेले नाव पुन्हा खोडणे फार जड जाते. याच कारणाने या हंगामापासून कोऱ्या नमुन्याशिवाय आलेले संच आम्ही तपासणीला घेणार नाही.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात सांगतो. पाणी बाटलीत भरून उन्हात जीपमधून आणू नये, कारण ऊन, उष्णता आणि पाण्यातले सूक्ष्मजीव डीएनए वेगाने नष्ट करतात, काठावरच गाळावे. वाहत्या ओढ्यात उतरावेच लागले तर प्रवाहाकडे तोंड करून उभे राहावे आणि पाणी आपल्या पुढून घ्यावे, कारण पायांनी ढवळलेला गाळ मागे वाहून जातो. मे महिन्यातल्या गढूळ पाणवठ्यावर फिल्टर शंभर-दोनशे मिलिलिटरांतच तुंबतो. तेव्हा जोर लावून तो फाडण्यापेक्षा दुसरा फिल्टर घ्यावा आणि प्रत्येकातून किती पाणी गेले ते पाकिटावर लिहावे. ओढ्याचा डीएनए वरच्या अंगाने काही किलोमीटरांवरूनही वाहत येऊ शकतो, त्यामुळे अभयारण्याच्या वेशीवरच्या नमुन्यात म्हैस दिसली म्हणून म्हैस आतच चरते असा निष्कर्ष काढू नये.

या तपासणीकडून काय मागू नये हेही आधीच ठरलेले बरे. पाणवठ्यावर किती बिबटे आले हे ती सांगत नाही. त्यासाठी कॅमेरा ट्रॅप, म्हणजे जनावर समोर आले की आपोआप फोटो टिपणारे कॅमेरे, आहेत, आणि बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसून होणाऱ्या प्रगणनेची जागा घेण्याचा आमचा मुळीच दावा नाही. लांडगा आणि कुत्रा, रानडुक्कर आणि पाळीव डुक्कर या जोड्या आमच्या तुकड्यावर वेगळ्या होत नाहीत, म्हणून सोलापूरकडच्या माळरानावरचे नमुने पाठवणाऱ्यांनी आधी आमच्याशी बोलावे. पश्चिम घाटातल्या कित्येक बेडकांचे संदर्भ-डीएनए, म्हणजे ज्यांच्याशी जुळवून प्रजाती ओळखायची त्या नोंदी, सार्वजनिक संग्रहांत अजून नसल्यामुळे तिथे अहवाल काही वेळा कुळापाशी थांबतो. रात्री, क्षणभर येऊन जाणारी आणि कॅमेऱ्याच्या उंचीत न बसणारी छोटी जनावरे मात्र या पद्धतीत चांगली सापडतात, आणि दोन्ही पद्धती एकाच पाणवठ्यावर वापरणाऱ्यांना आम्ही दोन्ही याद्या शेजारी मांडलेला तक्ता वेगळे पैसे न घेता देतो.

अभयारण्यात नमुने घेण्यासाठी वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या कलम २८ खालील परवानगी ग्राहकांनीच काढायची असून तिची प्रत फिल्टरांबरोबर पाठवायची आहे. उन्हाळी हंगामाचे संच फेब्रुवारीअखेरपर्यंत मागवावेत. एका वेळी पाच किंवा अधिक संच घेणाऱ्यांसाठी आमचा माणूस अर्धा दिवस पाणवठ्यावर येऊन वनरक्षकांकडून एक पूर्ण नमुना करून घेतो, आणि सुरुवात निळ्या झाकणापासून करतो.